कशाच्या शंभरपट?

'पट' हा शब्द आम्ही शाळेत पस्तीस वर्षे शिकविला, तेव्हा तो अगदी निरुपद्रवी वाटे. सहा हे दोनाच्या तिप्पट, हे सांगताना दोन कोठे गेले असा प्रश्न कोणा मुलास पडत नसे. कारण ते दोन समोर फळ्यावर लिहिलेलेच असत. अलीकडे मात्र फळ्यावरील दोन पुसून टाकून नुसते 'तिप्पट' तेवढे ठेवण्याची चाल पडली आहे. संगणकाच्या जाहिराती पाहाव्यात, तरुण मंडळींचे बोलणे ऐकावे. अमुक ग्राफिक्स कार्ड पन्नासपट वेगवान, तमुक शंभरपट. कशाच्या, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

साहित्यशास्त्र ज्यांनी वाचले आहे त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. उपमेची अंगे चार: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. यांपैकी एखादे गाळले की ती लुप्तोपमा होते. काव्यात ती भूषण आहे, कारण गाळलेले अंग रसिक आपल्या मनाने भरून काढतो व त्यातच त्यास आनंद मिळतो. हिशेबात मात्र हीच गोष्ट घातक ठरते. 'शंभरपट' ऐकणारा मनुष्य गाळलेल्या जागी आपले स्वतःचे यंत्र व आपले स्वतःचे काम घालतो; सांगणाऱ्याच्या मनात दुसरेच यंत्र व दुसरेच काम असते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, आणि तरी पैसे जातात.

हा विषय आम्हांस सुचण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात आहे. त्याच्या संगतीने आम्हीही निवृत्तीनंतर प्रोग्राम लिहू लागलो. श्लोकांची वृत्ते ओळखणे, पादसूची करणे, एवढीच आमची मजल. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत ते तज्ज्ञाचे मत नव्हे. चार ओळी लिहून त्या चालतात की नाही हे पाहणाऱ्या साध्या माणसाचे ते आहे.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ज्यास जाणते लोक जीपीयू म्हणतात ते मुळात खेळांतील चित्रे रंगविण्यासाठी निघाले. आजच्या साध्या पडद्यावर सुमारे 20 लाख ठिपके असतात व त्या प्रत्येकाचा रंग सेकंदातून कित्येक वेळा काढावा लागतो. एका ठिपक्याचा हिशेब शेजारच्या ठिपक्यासाठी अडून बसत नसल्यामुळे हे काम हजारो हातांत वाटून देता येते. 2007 साली एनव्हिडिया कंपनीने कुडा नावाची सोय बाहेर काढली आणि या हातांना चित्रांखेरीज इतर हिशेब सांगणे सोपे झाले. शंभरपटीच्या कथांना ऊत आला तो तेव्हापासून.

या हातांचा स्वभाव वेदपाठशाळेतील ओळीसारखा आहे. गुरुजी एक चरण म्हणतात व ओळीने बसलेले सारे विद्यार्थी तोच चरण एका सुरात म्हणतात. एनव्हिडियाच्या कार्डांत अशी एकेक ओळ 32 जणांची असते. सर्वांनी एका वेळी एकच क्रिया करावयाची, फक्त प्रत्येकाने आपापल्या आकड्यावर. ओळीतील दहा जणांना निराळे काही म्हणावयाचे असले तर उरलेल्या बावीस जणांना तोवर गप्प बसावे लागते. साधा प्रोसेसर म्हणजे याच्या उलट, चार-आठ चतुर शास्त्री. त्यांस प्रत्येकास निराळा ग्रंथ द्या, मध्येच 'असे असेल तर हे, नसेल तर ते' अशा अटी घाला, ते गडबडत नाहीत. तेव्हा कोण वेगवान, हा प्रश्न कामावाचून निरर्थक आहे.

काही कामे मात्र ओळीसाठीच जन्मास आलेली असतात, आणि ती पाहण्यास दूर जावयास नको. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. ज्योतिर्लिंगाच्या यात्रेस येणारे लोक आता या वेधशाळेचीही चौकशी करतात. अशा वेधशाळेकडून जो गोंगाट येतो त्यात खरी लहर दडली आहे काय, हे शोधण्यासाठी लहरीचे असंख्य नमुने आधी गणिताने तयार ठेवतात व आलेली माहिती एकेका नमुन्याशी ताडून पाहतात. एका नमुन्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही. ओळीने बसवावे असेच हे काम.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील खोडदचे. तेथील रेडिओ दुर्बिणीस 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत व प्रत्येकीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीशी गुणून पाहावा लागतो. म्हणजे 435 जोड्या झाल्या. पूर्वीची यंत्रणा सुमारे 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळी. सुधारलेल्या यंत्रणेने तो 400 मेगाहर्ट्झपर्यंत नेला आणि त्या गुणाकारांचा भार ग्राफिक्स कार्डांवर टाकला. आम्हांस या उदाहरणात एक गोष्ट विशेष आवडते. तेथे 'पट' विचारण्याचे कारणच नाही. आकाशातून येणारी माहिती कोणासाठी थांबत नाही. ती येते त्याच वेगाने हिशेब झाला तर यंत्र पुरेसे, न झाला तर अपुरे. मोजमाप कामाच्या गरजेवरून ठरले, शेजारच्या यंत्रावरून नव्हे.

आता घरची गोष्ट. चिरंजिवांनी परीक्षेच्या प्रकल्पासाठी वाल्मीकिरामायण घेतले होते. चोवीस हजार श्लोक धरले तर सुमारे 96 हजार पाद होतात; प्रत्येक पाद दुसऱ्या प्रत्येक पादाशी ताडून कोणता पाद थोड्याफार फरकाने कोठे कोठे पुन्हा आला आहे, हे काढावयाचे. जोड्या होतात सुमारे 460 कोटी. विषय आम्हीच सुचविला होता, म्हणून आमचेही त्यात लक्ष होते. एके दिवशी संध्याकाळी तो ओसरीवर येऊन म्हणाला, "आजोबा, साठपट आले! लॅपटॉपवर चाळीस मिनिटे लागत होती, भाड्याच्या ग्राफिक्स कार्डावर चाळीस सेकंद."

आम्ही म्हटले, "कशाच्या साठपट?"

"सीपीयूच्या."

"कोणत्या सीपीयूच्या? आणि दोहोंकडे एकच काम चालविलेस काय रे?"

तो थोडा हिरमुसला, पण मुलगा प्रामाणिक. वही घेऊन बसला. लॅपटॉप सहा वर्षांपूर्वीचा. त्यात चार शास्त्री आहेत, पैकी काम एकट्यालाच सांगितले होते व तिघे रिकामे बसले होते. शिवाय प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला 'वेगाकडे लक्ष दे' अशी सूचना देण्याची सोय असते. ती सूचना दिलेलीच नव्हती. कार्डासाठी मात्र चिरंजिवांनी तीन आठवडे खपून एकेक ओळ घासूनपुसून लिहिली होती. म्हणजे एका मल्लास महिनाभर खुराक द्यावयाचा, दुसऱ्यास उपाशी व एक हात बांधून आखाड्यात उतरवावयाचे, आणि कुस्ती झाली म्हणून पेढे वाटावयाचे.

घड्याळ कोठे लावले होते, तेही पाहिले. ग्रंथ फाइलीतून वाचणे, अक्षरांचे आकड्यांत रूपांतर करणे, ते आकडे कार्डाच्या स्मृतीत पोहोचविणे व उत्तरे परत आणून लिहून ठेवणे, एवढे सारे मोजणीबाहेर. लॅपटॉपच्या चाळीस मिनिटांत मात्र ही सर्व कामे धरलेली होती.

तथापि खरी गोम निराळीच निघाली. उत्तरे चाळताना आमच्या ध्यानात आले की, कार्डाने काढलेल्या यादीत कित्येक ओळखीच्या जोड्या नाहीत. विसर्गसंधीमुळे 'रामः' हा एके ठिकाणी 'रामो' होतो, दुसरीकडे 'रामश्' होतो. हे सारे एकच समजावे असा नियम आम्ही त्यास घालून दिला होता. लॅपटॉपवरील प्रोग्रामात तो होता. कार्डावरील प्रोग्रामात अटींमुळे ओळ अडते म्हणून चिरंजिवांनी तो काढून टाकला होता. त्यांच्या लेखी ती किरकोळ काटछाट. आमच्या लेखी संस्कृतच काढून टाकले. कमी काम केले तर वेळ कमी लागणारच, त्यास कार्ड कशाला हवे!

सर्व पुन्हा करून पाहिले. लॅपटॉपवर चारही शास्त्री कामाला लावले, कंपायलरला सूचना दिली, तेव्हा चाळीस मिनिटांची चार मिनिटे झाली. कार्डावर संधीचा नियम परत घातला. चाळिसाचे पंचावन्न सेकंद झाले, आणि वाचणे-लिहिणे धरून ऐंशी. म्हणजे दोनशे चाळीस विरुद्ध ऐंशी. साठपटीचे तीनपट उरले. तेही नव्या, महाग कार्डाशी जुन्या लॅपटॉपची तुलना करून. सारख्या किमतीची दोन यंत्रे घेतली असती तर काय निघते, हे आम्ही पाहिलेले नाही.

हा अनुभव आमच्या एकट्याच्या घरचा नाही. 2010 साली इंटेल कंपनीच्या संशोधकांनी या शंभरपटीची चौकशी करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. चौदा निरनिराळी कामे त्यांनी घेतली, दोन्हीकडचे प्रोग्राम सारख्याच मेहनतीने घासून लिहिले आणि कोअर आय-सेव्हन 960 हा प्रोसेसर व जीटीएक्स 280 हे कार्ड यांची तुलना केली. सरासरीने कार्ड अडीचपट वेगवान निघाले. आता इंटेल ही प्रोसेसर विकणारी कंपनी. तिची साक्ष म्हणजे वादीच्या भावाची साक्ष, हे खरेच. परंतु त्या निबंधातील युक्तिवाद साक्षीदाराच्या शब्दावर अवलंबून नाही, तो कोणासही ताडून पाहता येतो. त्या प्रोसेसरला स्मृतीतून सेकंदास 32 गिगाबाइट माहिती उचलता येई, त्या कार्डाला 141; म्हणजे साडेचारपटीच्याही आत. आकडे उचलून ठेवणे हेच ज्या कामात मुख्य, त्यात याहून मोठा आकडा कोणी सांगू लागला, तर जिंकलेल्याचे कौतुक करण्याआधी हरलेल्यास नीट पळू दिले होते काय, हे विचारावे. दोन्ही यंत्रांच्या कागदोपत्री मर्यादा छापलेल्या असतात. भागाकार चौथीच्या मुलासही येतो.

अतिशयोक्तीची ही खोडही नवी नव्हे. 1991 साली डेव्हिड बेली या अमेरिकन शास्त्रज्ञाने, समांतर संगणकाचे आकडे सांगून लोकांना फसविण्याचे बारा मार्ग, अशा अर्थाचा एक उपरोधिक लेख लिहिला होता. पुण्याच्या सी-डॅकचा परम 8000 पूर्ण झाला तोही याच वर्षी. घड्याळ सोयीच्या जागी लावणे, जुन्या व न सुधारलेल्या प्रोग्रामशी तुलना करणे, कमी अचूकतेचा हिशेब करून तो पूर्ण अचूकतेच्या हिशेबाशेजारी मांडणे, हे त्यातील मार्ग आजही वापरात आहेत. आमच्या नातवाने तो लेख वाचलेला नव्हता, तरी त्यातील काही मार्ग त्याचे त्यानेच शोधून काढले.

अचूकतेचा उल्लेख आला म्हणून सी-डॅकच्याच दुसऱ्या यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे. परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत 63 व्या स्थानी आला, ही सर्व महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट. त्याच्या वेगाचे दोन आकडे प्रसिद्ध झाले: एक 210 पेटाफ्लॉप्स, दुसरा 4.6 पेटाफ्लॉप्स. यंत्र तेच, आणि दोहोंत सुमारे पंचेचाळीसपटीचे अंतर! यात लबाडी कोणाचीच नाही. त्या यंत्रातील ए-100 जातीचे कार्ड 64 बिटांच्या, म्हणजे पंधरा-सोळा अंकांपर्यंत नेमक्या, साध्या हिशेबात सेकंदास 9.7 लाख कोटी क्रिया करते. 16 बिटांचा, म्हणजे तीन-चार अंकांपुरता नेमका हिशेब, त्याच्या खास गुणाकार-यंत्रणेवर चालविला तर 312. आणि कोष्टकातील निम्मे आकडे ठराविक रीतीने शून्य असले तर ते शून्यांचे गुणाकार टाळून 624. हा शेवटचा आकडा धरून, यंत्रातील सर्व कार्डांची कागदोपत्री बेरीज केली की 210 येतात. 4.6 हा मात्र 64 बिटांचा, समीकरणांची प्रचंड मालिका प्रत्यक्ष सोडवून मोजलेला. यंत्रास माणसाची भाषा शिकवावयाची असेल तर पहिल्या प्रकारचा हिशेब पुष्कळदा चालतो. जेथे शेवटचे अंक जपावे लागतात तेथे दुसराच आकडा पाहावा लागतो. सोनाराचा काटा व हळदीच्या अडतीचा काटा यांत खोटा कोणताच नाही, पण अंगठी अडतीवर जोखून कोणी घेत नाही.

हे सर्व घरात चालले असता आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, एक प्रश्न विचारला. कार्ड असलेल्या नव्या यंत्रास सव्वा लाख रुपये पडणार होते व ते हळदीच्या पैशातून काढावयाचे होते, म्हणून तेही ऐकत बसले होते. दादांना संगणकाचा गंध नाही. परंतु हिंगोली-वसमतकडील माणसास हळद कळते. पूर्वी मोठ्या काहिलीत लाकडे जाळून हळद शिजवीत. आता वाफेच्या कुकरने ते काम फार लवकर होते. दादा म्हणाले, "कुकर आला तेव्हाही तो विकणारा असेच दहापट सांगत होता. शिजवण्यात खरेच होते ते. पण वाळवणीचे काय? ऊन का दहापट पडू लागले?"

शिजलेली हळकुंडे उन्हात वाळावयास दहा-पंधरा दिवस लागतात, पुढे पॉलिश, मग बाजार. समजा, शिजवण्यास पूर्वी दोन दिवस लागत व पुढील सर्वांस सोळा. शिजवणे एका क्षणात उरकणारे यंत्र आणले तरी अठराचे सोळा होतील, याहून अधिक काही नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणकशास्त्रज्ञाने 1967 साली हेच मांडले व त्याच्या नावाने तो नियम ओळखला जातो: कामाचा ऐंशी टक्के भाग कितीही वेगवान केला, अगदी शून्य वेळात केला, तरी उरलेल्या वीस टक्क्यांमुळे एकंदर काम पाचपटीच्या वर जात नाही. दादांना हा नियम ओसरीवर बसल्या बसल्या सुचला, याचे नातवाला फार नवल वाटले. आम्हांस तितकेसे वाटले नाही. ज्याने पीक बाजारात नेऊन विकले आहे तो एका टप्प्याचा वेग व एकंदर वेळ यांत गल्लत करीत नाही. ती गल्लत टप्पे पाडून पगार घेणारे करतात.

प्रकल्पाच्या अहवालात कोणता आकडा लिहावा, यावरून मात्र थोडी ओढाताण झाली. 'तीनपट' हा आकडा फार लहान दिसतो, साठच राहू द्या, तोही मोजलेलाच आहे, असा सल्ला त्यास महाविद्यालयात मिळाला. गुणांचा प्रश्न होता, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत हाच अहवाल दाखवावयाचा होता. त्याच्या वर्गातील कोणी ऐंशी लिहिले होते, कोणी एकशेवीस. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, सगळेच मोठे लिहीत असताना ह्यानेच लहान का लिहावा? त्यात ह्याचे नुकसान नाही का?" हा प्रश्न आईचा होता व रास्त होता. आम्ही त्यावर उपदेश केला नाही. एवढेच म्हटले की, मुलाखत घेणारा जर जाणता असला तर त्याचा पहिला प्रश्न 'कशाच्या साठपट?' हाच असेल, आणि त्या वेळी ओसरीवर आम्ही नसू.

नातवाने अखेर स्वतःच मार्ग काढला. त्याने अहवालात कोष्टक दिले. पहिल्या ओळीत लॅपटॉप, एकच शास्त्री, कंपायलरला सूचना नाही: चाळीस मिनिटे. दुसऱ्या ओळीत तोच लॅपटॉप, चारही शास्त्री, सूचनेसह: चार मिनिटे. तिसऱ्या ओळीत कार्ड, सर्व वेळ धरून: ऐंशी सेकंद. प्रत्येक ओळीपुढे यंत्राचे नाव, साल आणि संधीचा नियम धरला आहे की नाही हे. 'पट' हा शब्द त्याने कोठेच घातला नाही. ज्यास हवा त्याने भागाकार करावा. त्यातील पहिली व दुसरी ओळ पाहून त्याच्या एका मित्राने आपलाही प्रोग्राम कंपायलरला सूचना देऊन पुन्हा चालविला म्हणतात. गुण अजून यावयाचे आहेत.

सव्वा लाखाच्या यंत्राचेही अजून ठरलेले नाही. दादांनी त्यास एवढेच विचारून ठेवले आहे की, असे यंत्र घरात आले तर वर्षातून किती तास ते खरोखर या कामास लागेल, आणि तेवढेच तास भाड्याने घेतले तर काय पडेल. त्याने कागद काढून तासांची नोंद सुरू केली आहे. पहिल्या पंधरवड्याची बेरीज सहा तास भरली.